नोंदीबाहेरचे बालपण : 'उचल्या', पोलीस ठाणे आणि बालकाचे मानवी हक्क

प्रस्तावना

भटक्या-विमुक्तांच्या मराठी स्वकथनांचा विचार करताना समीक्षेने प्रामुख्याने तीन अंगांकडे लक्ष दिले आहे : समाजव्यवस्थेने लादलेले भटकेपण, जातपंचायतीची अंतर्गत सत्ता आणि बोलीतून आलेले भाषेचे सामर्थ्य. ही तिन्ही अंगे महत्त्वाची आहेत, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. तथापि या स्वकथनांचा फार मोठा भाग निवेदकाच्या बालपणाने व्यापलेला असतो आणि त्या बालपणाच्या उंबरठ्यावर पुष्कळदा पोलीस उभा असतो, या गोष्टीचा स्वतंत्रपणे विचार झालेला क्वचितच आढळतो. पोलिसांचा जुलूम हा 'जमातीवरील अन्याय' या मोठ्या शीर्षकाखाली नोंदवला जातो. तो अन्याय ज्याने पाहिला आणि काही वेळा सोसला, तो त्या वेळी मूल होता, ही बाब मात्र शीर्षकाखाली झाकली जाते.

लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' हे स्वकथन १९८७ साली प्रसिद्ध झाले आणि १९८८ साली त्यास साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. पुढे 'द ब्रॅन्डेड' या नावाने ते इंग्रजीतही गेले. विद्यापीठांच्या अभ्यासक्रमांतून ते अनेक वर्षे शिकविले जात आहे. उचल्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जमातीत जन्मलेल्या मुलाचे हे कथन पोलीस आणि मूल यांच्या नात्याविषयीचा पुरावा म्हणून वाचता येते काय, आणि तसे वाचल्यास आजच्या बालहक्कविषयक कायद्याविषयी ते काय सांगते, याचा शोध घेणे हा या लेखाचा हेतू आहे. कायदा बालकाला त्याच्या वयावरून ओळखतो. 'उचल्या'तील पोलीस त्याला त्याच्या घरावरून ओळखतो. या दोन ओळखींमधील अंतर नेमके कोठे पडते, याचे उत्तर 'नोंद' या एका साध्या, कार्यालयीन शब्दात सापडते.

एकाच वर्षातील दोन कायदे

'उचल्या'कडे वळण्यापूर्वी त्यामागील कायद्याचा इतिहास थोडक्यात पाहणे क्रमप्राप्त ठरते. ब्रिटिश शासनाने १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा केला. आरंभी तो उत्तर हिंदुस्थानापुरता होता. १९११च्या कायद्याने त्याची व्याप्ती मुंबई प्रांतासह सर्वत्र वाढविण्यात आली. जमातीतील माणसांची नोंदणी, ठराविक वेळी हजेरी, परवानगीवाचून गाव सोडण्यास बंदी, ही त्याची सर्वपरिचित अंगे होत. त्यामानाने कमी परिचित आहे ती १८९७ची दुरुस्ती. तिने चार ते अठरा वर्षे वयाच्या मुलांना आईबापांपासून वेगळे काढून स्वतंत्र सुधार-वसाहतींत ठेवण्याचा अधिकार सरकारला दिला. म्हणजे या जमातींतील मुलांच्या वयाची दखल कायद्याने प्रथम घेतली ती संरक्षणासाठी नव्हे, तर कुटुंबापासून तोडण्यासाठी. चार वर्षांचे मूल गुन्हेगार असू शकत नाही, हे कायदा करणाऱ्यांना समजत नव्हते असे नाही; ते पुढे गुन्हेगार होईलच, याविषयी त्यांना खात्री होती.

१९२४ हे वर्ष या दृष्टीने विशेष लक्षणीय आहे. याच वर्षी मुंबई प्रांतात बाल अधिनियम संमत झाला. निराधार आणि अपराधी मुलांना प्रौढ गुन्हेगारांप्रमाणे वागवू नये, हे तत्त्व त्याने स्वीकारले. आणि याच वर्षी गुन्हेगार जमाती कायद्याची एकत्रित, सुधारलेली आवृत्ती केंद्रीय कायदेमंडळाने संमत केली. एकाच प्रांतात, एकाच वर्षी, बालपणाच्या दोन व्याख्या कायद्याच्या पुस्तकात शेजारी शेजारी आल्या. एकीत मूल हे चुकू शकणारे, पण सुधारता येणारे. दुसरीत ते जन्मतःच संशयित. सोलापूरच्या तारेच्या कुंपणाआडच्या वसाहतीत वाढणारी मुले यांपैकी कोणत्या व्याख्येत बसत होती, हे वेगळे सांगावयास नको. त्या भागाला आजही 'सेटलमेंट' असेच म्हणतात.

मुंबई प्रांताने हा कायदा १९४९ साली रद्द केला. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो देशभर रद्द झाला. गायकवाड यांचे जन्मवर्ष १९५२ असेच दिले जाते. त्यांचे धनेगाव हे आजच्या लातूर जिल्ह्यातील गाव १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होते. त्यामुळे मुंबईच्या कायद्यांची साखळी थेट त्यांच्या घरापर्यंत नेऊन पोहोचविणे योग्य होणार नाही. परंतु हजेरी, झडती आणि संशय यांची रीत राज्याच्या सीमेपाशी थांबत नव्हती, हे 'उचल्या'च्या पहिल्याच प्रकरणावरून दिसून येते. कायदा रद्द झाला त्या वर्षी जन्मलेल्या मुलाला त्या कायद्याने घडविलेला पोलीस वारशाने मिळाला.

मार सोसण्याचे शिक्षण

'उचल्या'त पोलीस अनेकदा येतात. ते रात्री-अपरात्री झोपडीत शिरतात, आजोबा-वडिलांना मारतात, घरातील बायकांची विटंबना करतात, चोरीच्या मालातील वाटा घेऊन जातात. हे सर्व घरातील मुलांच्या देखत घडते. कथनातील हा भाग वाचकाच्या मनात राहतो तो त्यातील क्रौर्यामुळे खराच; पण त्याहीपेक्षा तो ज्या कोरडेपणाने सांगितला आहे त्यामुळे. पाऊस आला, पीक गेले, पोलीस आले, अशा एकाच पातळीवर या घटना येतात. मुलाच्या दृष्टीने पोलीस ही एखादी संस्था नाही. तो ऋतूसारखा आहे. येणार हे ठाऊक असते, केव्हा येणार हे ठाऊक नसते.

यापेक्षाही अधिक विचार करावयास लावणारा भाग म्हणजे मुलांच्या शिक्षणाचा. खिसा कसा कापावा, पाते कसे लपवावे, गर्दीत कसे वावरावे, हे जमातीतील जाणती माणसे मुलांना शिकवितात. त्या शिक्षणाचा एक अविभाज्य भाग म्हणजे मार. पुढे पोलिसांच्या हाती लागल्यावर मुलाने तोंड उघडू नये, साथीदाराचे नाव सांगू नये, माल कोठे आहे ते दाखवू नये, यासाठी घरचीच माणसे त्याला आधी मारतात. मार सोसण्याची सवय व्हावी, हा हेतू. समीक्षेने या प्रसंगांचा उल्लेख पुष्कळदा 'जमातीतील अमानुष प्रथा' असा केला आहे. हे वाचन अपुरे आहे. घरात मुलावर पडणारा हा मार पोलीस ठाण्यातील माराची नक्कल आहे. मूळ प्रत ठाण्यात आहे. ठाण्यात लहान मुलाला मारले जाणार नाही अशी किंचितही शक्यता त्या माणसांना वाटली असती, तर या शिक्षणाचे प्रयोजनच उरले नसते. राज्यसंस्थेची हिंसा पालकत्वाच्या आत शिरली आहे आणि तेथे ती प्रेमाचे, निदान काळजीचे, रूप घेऊन वावरते आहे. मूल मारात टिकले पाहिजे म्हणून बाप मारतो. मराठी स्वकथनांत याहून विदारक असे पालकत्वाचे चित्र शोधणे कठीण आहे.

आता हाच प्रसंग आजच्या कायद्याच्या चौकटीत ठेवून पाहावा. बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ याचे कलम ७५ बालकाशी क्रूरपणे वागणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा सांगते. बालक ज्याच्या प्रत्यक्ष ताब्यात वा नियंत्रणाखाली असेल अशा कोणत्याही व्यक्तीस ते लागू होते. घरी मारणारा पालक या कलमात सहज बसतो : मूल त्याच्याजवळ राहते, हे सिद्ध करण्यास वेगळा पुरावा लागत नाही. ठाण्यात मारणारा पोलीसही तत्त्वतः याच कलमात बसतो. परंतु त्यासाठी मूल त्याच्या ताब्यात होते हे प्रथम सिद्ध व्हावे लागते. तो ताबा ज्या कागदावर दिसावयास हवा, तो कागद त्याच ठाण्यात, त्याच पोलिसांच्या हाती असतो. परिणामी नक्कल करणारा सापडतो आणि मूळ प्रत सुटते. १८९७च्या दुरुस्तीचा इतिहास लक्षात घेता, 'काळजी आणि संरक्षण' या शब्दांकडे भटक्या जमातींतील आईबाप संशयाने पाहत असतील, तर त्यास केवळ अज्ञान म्हणता येणार नाही. मुलाच्या भल्यासाठी मूल काढून नेणारे सरकार त्यांच्या आज्या-पणज्यांनी पाहिले आहे.

'उचल्या'च्या मर्यादेचाही येथेच उल्लेख करणे आवश्यक आहे. उत्तरार्धात कथनाचे केंद्र सूतगिरणीतील नोकरी, कामगारांचे प्रश्न, संघटना आणि सामाजिक कार्य यांकडे सरकते. तेथे निवेदक प्रौढ कार्यकर्ता होतो आणि पोलिसांविषयी बोलताना त्याच्याजवळ 'अन्याय', 'अत्याचार', 'हक्क' हे तयार शब्द आलेले असतात. पूर्वार्धातील मुलाजवळ हे शब्द नाहीत. म्हणूनच त्याची साक्ष अधिक मोलाची आहे. उत्तरार्धाचा काही भाग कार्यवृत्तासारखा होतो, हे मान्य करूनही एवढे म्हणावे लागेल की, जो मुलगा काहीच नाव देऊ शकत नव्हता त्याच्यापासून नाव देऊ शकणाऱ्या माणसापर्यंतचे अंतर या पुस्तकात मोजता येते. भीमराव गस्ती यांच्या 'बेरड'मध्ये पोलीस जुलमाचे चित्रण याहून विस्तृत आहे, परंतु तेथे प्रारंभापासून जमातीचे सामूहिक दुःख अग्रभागी आहे. मुलाची नजर इतका वेळ टिकून राहते ती 'उचल्या'तच.

जन्मतारीख नसलेला निवेदक

'उचल्या'चा आरंभ एका नकारांच्या मालिकेने होतो. स्वतःचे गाव नाही, घर-शेत नाही, आणि जन्मतारीखही नाही, असे निवेदक सांगतो. या ओळी वाङ्मयीन दृष्ट्या अनेकदा गौरविल्या गेल्या आहेत. मुळापासून तुटलेल्या अस्तित्वाचे प्रतीक म्हणून त्या वर्गात शिकविल्या जातात. परंतु जन्मतारीख नसणे ही प्रतीकात्मक गोष्ट नाही. पोलीस ठाण्याच्या दारात ती अत्यंत व्यावहारिक गोष्ट ठरते.

बालकाचे सर्व हक्क वयाच्या एका अटीवर उभे आहेत. संयुक्त राष्ट्रसंघाचा १९८९चा बालहक्क करार अठरा वर्षांखालील प्रत्येकास बालक मानतो. भारताने तो ११ डिसेंबर १९९२ रोजी स्वीकारला. कराराच्या कलम ३७ अन्वये कोणत्याही बालकाचा छळ करता येत नाही, आणि त्याची अटक वा स्थानबद्धता हा शेवटचा उपाय म्हणून व कमीत कमी काळासाठीच असावी लागते. १९८६च्या भारतीय बाल न्याय कायद्यात मुलग्यांसाठी वयाची मर्यादा सोळा होती. २००० सालच्या कायद्याने ती अठरावर आणली आणि मुलगे-मुली यांतील फरक नाहीसा केला. वय सिद्ध कसे करावे याचा क्रम २०१५च्या कायद्याच्या कलम ९४ मध्ये दिला आहे : प्रथम शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा शालान्त परीक्षेचे प्रमाणपत्र, ते नसल्यास नगरपालिका वा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच अस्थिपरीक्षण किंवा तत्सम वैद्यकीय चाचणी.

हा क्रम तर्कशुद्ध आहे. पण तो शाळा आणि ग्रामपंचायत यांच्या वहीत ज्याचे नाव आहे अशा मुलाला समोर ठेवून आखलेला आहे. पालावर जन्मलेल्या, दर हंगामात तालुका बदलणाऱ्या मुलाजवळ पहिल्या दोन पायऱ्या नसतात. तो थेट तिसऱ्या पायरीवर, क्ष-किरण यंत्रासमोर, येऊन उभा राहतो. हाडांवरून काढलेले वय नेमके नसते. त्यात वर्षा-दोन वर्षांचा फरक संभवतो. आणि ही चाचणी बाल न्याय मंडळाच्या किंवा समितीच्या आदेशाने व्हावयाची असते. मंडळासमोर येईपर्यंतच्या काळात, ठाण्यात, मुलाचे वय ठरवितो तो पहारा देणारा शिपाई, आणि ठरवितो डोळ्यांनी. उन्हात राबलेले, निबर झालेले शरीर त्याच्या डोळ्यांना मूल वाटत नाही. गायकवाड यांच्या वडिलांनी जमातीचा विरोध पत्करून मुलाला शाळेत घातले. वस्तीवर रोगराई आली तेव्हा त्या शाळेलाच दोष देण्यात आला. या प्रसंगाचे वाचन नेहमी शिक्षणाचे महत्त्व या अंगाने होते. शाळेच्या वहीत पडलेली ती तारीख हीच निवेदकाची पहिली सरकारी नोंद, आणि तीच त्याला आयुष्यात प्रथम कायद्याच्या दृष्टीने 'मूल' करणारी होती, असेही ते वाचता येईल.

देसाईगंज आणि नंतर

वयाच्या पुराव्याचा प्रश्न साहित्यापुरता नाही. २६ मार्च १९७२ रोजी त्या वेळच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्याच्या आवारात एका आदिवासी मुलीवर ठाण्यातीलच पोलिसाने अत्याचार केल्याचा आरोप झाला. वैद्यकीय तपासणीत तिचे वय चौदा ते सोळा वर्षांच्या दरम्यान सांगण्यात आले. सत्र न्यायालयाने ती सोळा वर्षांखालील असल्याचा समाधानकारक पुरावा नाही असे मानून आरोपींना निर्दोष सोडले. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १९७६ साली त्यांना दोषी ठरविले; सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर १९७८ मध्ये पुन्हा निर्दोष मुक्त केले. शरीरावर जखमांच्या खुणा नव्हत्या, हा या निकालातील एक महत्त्वाचा आधार होता. १९७९ साली उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना उद्देशून खुले पत्र लिहिले. देशभर आंदोलन झाले आणि १९८३ साली फौजदारी कायद्यात कोठडीतील बलात्काराची स्वतंत्र तरतूद झाली. महाविद्यालयीन प्राध्यापकांच्या लेखणीने कायदा बदलल्याचे हे उदाहरण प्राध्यापकवर्गाने विसरू नये असे आहे.

या प्रकरणाचा इतिहास स्त्री-चळवळीच्या संदर्भात सांगितला जातो, आणि ते योग्यच आहे. परंतु ती मुलगी होती, बालक असण्याची दाट शक्यता होती, आणि ती ठाण्यात होती, हा त्याचा दुसरा चेहरा फारसा चर्चिला गेला नाही. सोळा वर्षांची ती सीमारेषा ओलांडली की नाही एवढ्यावर तिच्या संमतीचा प्रश्न अवलंबून राहिला. दाखला असता तर खटला वेगळ्या वाटेने गेला असता.

त्या चळवळीचे फळ पुढेही दिसते. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणाऱ्या २०१२च्या कायद्याचे कलम ५ पोलीस अधिकाऱ्याने केलेल्या लैंगिक हल्ल्याला तीव्रतर अपराध मानते. तेथे पोलिसाचा उल्लेख पहिल्याच खंडात आहे. साध्या मारहाणीबाबत मात्र बाल न्याय कायदा असे काही करीत नाही. कलम ७५ मधील पाच वर्षांपर्यंतची वाढीव शिक्षा मुलांच्या सांभाळाची जबाबदारी असलेल्या संस्थेतील कर्मचाऱ्यांसाठी आहे. पोलीस ठाण्याचे नाव तेथे नाही. कायदा करणाऱ्यांना पोलीस मारतो हे माहीत नव्हते काय? १८६० सालच्या भारतीय दंड संहितेच्या कलम ३३० खाली, कबुलीसाठी दुखापत करण्याच्या अपराधाची जी उदाहरणे दिली होती, त्यांतील पहिल्याच उदाहरणात छळ करणारा हा पोलीस अधिकारी आहे. दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी जे उदाहरण म्हणून देण्याइतके उघड होते, ते बालकांसाठी खास केलेल्या कायद्यात अनुच्चारित राहिले. जेथे समाजाने आवाज उठविला तेथे कायद्याने पोलिसाचे नाव घेतले. जेथे मार हा ठाण्याचा नित्यक्रम मानला गेला तेथे घेतले नाही.

ठाण्याची डायरी

२०१५च्या कायद्याचे कलम १० स्पष्ट आहे. विधिसंघर्षग्रस्त बालकाला ताब्यात घेताच ते विशेष बाल पोलीस पथकाकडे किंवा बाल कल्याण पोलीस अधिकाऱ्याकडे सोपवावे, प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांत बाल न्याय मंडळासमोर हजर करावे, आणि कोणत्याही परिस्थितीत त्याला पोलीस कोठडीत वा तुरुंगात ठेवू नये. २०१६चे आदर्श नियम याहून पुढे जातात. बेडी घालू नये, कबुलीसाठी बळ वापरू नये, कोणत्याही जबाबावर सही घेऊ नये. मुलाशी बोलावयाचे ते ठाणे वाटणार नाही अशा जागी, आणि त्या वेळी आईबाप उपस्थित राहू शकतील. बालकांना तुरुंगात ठेवू नये यासाठी पत्रकार शीला बारसे यांनी केलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९८६ साली आदेश दिले होते. ते लक्षात घेतले तर या नियमांमागे किती दीर्घ झगडा आहे याची कल्पना येते. १० फेब्रुवारी २०२० रोजी त्याच न्यायालयाला पुन्हा सांगावे लागले की, पोलिसांना बालकास कोठडीत ठेवण्याचा कसलाही अधिकार नाही आणि बाल न्याय मंडळांनी मूक प्रेक्षक बनू नये. एखादी गोष्ट चौतीस वर्षांनी पुन्हा सांगावी लागते, यातच तिची अवस्था स्पष्ट होते.

यात एक बारीक फट आहे. हे सर्व हक्क मूल ताब्यात आल्याच्या क्षणापासून सुरू होतात. पण ताब्यात आल्याचा क्षण कागदावर तेव्हाच उमटतो, जेव्हा ठाण्याच्या डायरीत नोंद होते. शेतातून किंवा पालावरून मूल उचलल्यापासून नोंद होईपर्यंतचे तास कोणत्याच कागदावर नसतात. 'उचल्या'तील मारहाण पुष्कळशी याच तासांतील आहे : झोपडीत, वाटेवर, ठाण्याच्या आत पण वहीच्या बाहेर. चोवीस तासांचे घड्याळ पोलिसाच्या हातात आहे आणि ते केव्हा सुरू करावयाचे हे तोच ठरवितो.

नोंदीपूर्वीच मार का पडतो, यालाही कायद्यातच कारण आहे. पोलिसांसमोरील कबुलीजबाब पुराव्यात ग्राह्य धरला जात नाही. १८७२च्या पुरावा कायद्याने हे संरक्षण दिले आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम २३ने ते कायम ठेवले. परंतु आरोपीने दिलेल्या माहितीवरून एखादी वस्तू सापडली, तर तेवढी माहिती पुराव्यात येते, हा जुन्या कलम २७चा अपवादही कायम राहिला आहे. म्हणजे शब्द निरुपयोगी, मुद्देमाल मात्र मोलाचा. सगळा मार मुद्देमालाच्या दिशेने वळतो. 'उचल्या'तील जाणती माणसे मुलाला नेमके हेच शिकवीत असतात : काहीही होवो, माल दाखवायचा नाही. कायद्याच्या पंडितांनी ज्या अपवादावर ग्रंथ लिहिले, त्याचा अर्थ धनेगावच्या निरक्षर माणसांना अचूक कळला होता.

विधी आयोगाने १९८५ साली आपल्या ११३व्या अहवालात सुचविले होते की, कोठडीत असताना एखाद्यास दुखापत झाली तर ती ताबा असणाऱ्या पोलिसानेच केली असे न्यायालयाने गृहीत धरू शकावे, अशी तरतूद पुरावा कायद्यात घालावी. ती कधीच घातली गेली नाही. नव्या साक्ष अधिनियमातही ती नाही. घातली असती तरी 'कोठडीत असताना' हे शब्द पुन्हा नोंदीपाशीच घेऊन गेले असते. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये प्रत्येक ठाण्यात कॅमेरे बसविण्याचा आदेश दिला. त्याचे महत्त्व नाकारता येत नाही. पण कॅमेरा ठाण्याच्या भिंतीवर असतो, ज्वारीच्या शेतात नसतो.

या दृष्टीने पाहता 'उचल्या'सारख्या स्वकथनांचे स्थान केवळ वाङ्मयीन राहत नाही. नोंदीआधीच्या तासांचा लेखी पुरावा म्हणून जे थोडे उपलब्ध आहे, त्यात या पुस्तकांचा समावेश करावा लागतो. त्यांना 'सामाजिक दस्तऐवज' म्हणण्याची समीक्षेला सवय आहे. तो शब्द बहुधा कलामूल्याविषयी बोलणे टाळण्यासाठी वापरला जातो. तो शब्दशः घेतला, तर दस्तऐवजाला विचारावयाचे प्रश्न त्यालाही विचारावे लागतील : साक्षीदार त्या वेळी किती वर्षांचा होता, त्याने काय प्रत्यक्ष पाहिले, काय ऐकले, आणि किती वर्षांनी सांगितले. 'उचल्या' या प्रश्नांना उतरते. त्यातील मुलाने पाहिलेले आणि कार्यकर्त्याने पुढे समजून घेतलेले यांची सरमिसळ फारशी झालेली नाही.

वारसाहक्काने आलेले पान

जे मूल ठाण्याच्या डायरीत असावयास हवे असताना नसते, ते दुसऱ्या एका वहीत नको असताना असते. ती वही म्हणजे सराईत गुन्हेगारांची हिस्ट्रीशीट. गुन्हेगार जमाती कायदा गेल्यावर त्याच्या जागी राज्यांनी सराईत गुन्हेगारांविषयीचे कायदे केले. मुंबई राज्याचा कायदा १९५९चा. नाव व्यक्तीचे झाले, नजर जमातीवरच राहिली. हिस्ट्रीशीटमध्ये माणसाबरोबर त्याच्या नातलगांची माहिती लिहिण्याची प्रथा आहे आणि त्या नातलगांत मुलेही येतात. ७ मे २०२४ रोजी दिल्लीतील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने याची गंभीर दखल घेतली. दिल्ली पोलिसांनी आपला स्थायी आदेश सुधारून अल्पवयीन नातलगांचा तपशील हिस्ट्रीशीटमध्ये लिहू नये असे ठरविले. केवळ दुर्बल समाजघटकांतील म्हणून निरपराध माणसांची नावे यांत्रिकपणे लिहिली जातात, याकडे न्यायालयाने लक्ष वेधले आणि इतर राज्यांनीही दिल्लीच्या धर्तीवर बदलाचा विचार करावा असे सांगितले. त्याच वर्षी ३ ऑक्टोबर रोजी, मुंबईच्या पत्रकार सुकन्या शांता यांच्या तुरुंगातील जातिभेदाविषयीच्या याचिकेवर निकाल देताना न्यायालयाने विमुक्त जमातींच्या माणसांना मनमानी अटक होऊ नये यासाठी पोलिसांनी या निर्णयातील सूचना पाळाव्यात, असा स्पष्ट आदेश दिला.

१८७१ पासून चालत आलेल्या वारशावर सर्वोच्च न्यायालयाने इतक्या थेटपणे बोट ठेवण्यास २०२४ उजाडावे लागले. तरी दिल्लीच्या त्या सुधारित आदेशात एक अपवाद आहे. अल्पवयीन नातलगाने गुन्हेगारास आसरा दिल्याचा पुरावा असेल, तर त्याचे नाव लिहिता येते. हा अपवाद लिहिताना मसुदाकारासमोर बहुधा सतरा वर्षांचा, स्वतंत्र खोलीत राहणारा भाऊ असावा. 'उचल्या'तील घर एका झोपडीचे आहे. बाप किंवा भाऊ चार-आठ दिवसांनी रात्री परत येतो, घरात जे मूल जागे असेल ते दार उघडते, भाकरी पुढे ठेवते. पहाटे पोलीस येतात. त्या मुलाने आसरा दिला की नाही, हे कोणी ठरवावयाचे, आणि त्याचे वय त्या वेळी कोणत्या दाखल्यावर पाहावयाचे, याविषयी आदेश काही सांगत नाही.